वर म्हणजे कुणाचं वर?

मित्रांनो, आधी हसून घ्या. पोटभर हसा, मी थांबतो. झालं? आता माझं पहिलं वाक्य सांगतो. मी एक जुना नमुना आहे.

बघा, पुन्हा हसलात! तुमच्या वर्गात कुणी दोन पायांत दोन वेगळे मोजे घालून आलं की तुम्ही म्हणता, "काय नमुना आहे!" मी तसला नमुना नव्हे. निदान आधी तसं वाटायचं नाही. हल्ली कधीकधी वाटतं. माझं सगळं आयुष्य हे असंच गेलंय. एखादी गोष्ट मला कळली असं वाटतं न वाटतं, तोच ती उलटी होऊन पुढ्यात उभी राहते. तेव्हा माझी गोष्ट ऐकताना तुमचा गोंधळ उडाला तर घाबरू नका, सोबतीला मी आहेच. पण सरळ सांगायचा प्रयत्न मी अगदी मनापासून करीन.

तर मी संगणकातला नमुना आहे. मला उघडलंत की डावीकडे एक सहा मजली इमारत दिसते, जणू कुणी ती सुरीने उभी कापून ठेवली आहे. तिच्या मधोमध एक पिवळी पेटी वर-खाली करते. ती लिफ्ट. प्रत्येक मजल्यावर दोन बटणं आहेत, एक वरचा बाण आणि एक खालचा बाण. त्यांच्याशेजारी बोटाएवढ्या बाहुल्या उभ्या असतात. ती माणसं. आणि उजवीकडे आहेत नियमांचे चौकोन. लिफ्ट कुठे थांबेल, कुठे थांबणार नाही, हे तिचा प्रोग्राम त्या नियमांनी ठरवतो. तुम्ही एखादं बटण दाबलंत की त्या क्षणाला जो नियम लागू असेल तो चौकोन उजळतो. म्हणजे लिफ्टच्या डोक्यात काय चाललंय ते तुम्हाला बाहेर बसून दिसतं!

आणि सगळ्यात खाली एक बटण आहे, त्यावर लिहिलंय 'मागे'. ते दाबलं की झालेलं सगळं एक पाऊल मागे जातं. असलं बटण माणसांकडे नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

जन्मल्यावर पहिले काही दिवस तर मी स्वतःला लिफ्टच समजत होतो. मग कळलं की मी लिफ्ट नाही, लिफ्टचं डोकं आहे. मग कळलं की डोकंही मी नाही, डोक्याचं चित्र आहे. आता बोला! आपण कोण आहोत हे तीनदा बदलल्यावर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील?

माझा जन्म भांडणातून झाला. तेही काका-पुतणीच्या भांडणातून.

काका म्हणजे एका मोठ्या दवाखान्यातले लिफ्टवाले काका. खिशात पाना, कानामागे पेन्सिल आणि हाताला वंगणाचा वास. हा वास काकूंच्या मते कुठल्याच साबणाला दाद देत नसे. सव्वीस वर्षं काका त्या दवाखान्यात होते. आधीची लिफ्ट जुन्या पद्धतीची होती. काका दिवसभर तिच्यात स्टुलावर बसायचे आणि दांडा ओढून ती चालवायचे. लोक मजल्यामजल्यावरून घंटा वाजवायचे आणि जिन्यात तोंड घालून ओरडायचे, "काका, वर या!" की काका निघाले वर. पुढे ती लिफ्ट काढून नवी आली, बटणांची, आपली आपण चालणारी. काकांचं स्टूल गेलं, पण लिफ्टची देखभाल त्यांच्याकडेच राहिली.

या नव्या लिफ्टचा प्रोग्राम लिहिला होता त्यांच्या पुतणीने. तीच माझी ताई. काका येईल-जाईल त्याला सांगायचे, "लिफ्टचं अंग माझ्या हातात, आणि डोकं आमच्या पोरीचं!"

आणि मग त्या डोक्याला चौथा मजला दिसेनासा झाला.

चौथ्या मजल्यावर हाडांचा विभाग होता. पाय प्लास्टरमध्ये, हात गळ्यात, काखेत कुबड्या अशी तिथली मंडळी. त्यांना जिना म्हणजे डोंगर. तपासणी झाली की ती बिचारी बटण दाबून उभी राहायची. सहाव्या मजल्यावरच्या कँटीनमधून लिफ्ट खाली यायची, दाराच्या काचेतून आतली माणसं दिसायची, आत जागा आहे तेही दिसायचं, आणि लिफ्ट न थांबता सूंऽऽ करून खाली! रोज नाही हं. दर वेळी नाही. मधूनच कधीतरी. त्यामुळे तर सगळ्यांचं डोकं आणखी फिरायचं.

"काका, तुमची लिफ्ट आमच्यावर रुसलीय का हो?"

"तिला तीननंतर एकदम पाच शिकवलंय वाटतं!"

काका हसण्यावारी न्यायचे, पण आतून खजील व्हायचे. त्यांनी चौथ्या मजल्याची बटणं बदलली. वायरी बदलल्या. दारांना वंगण दिलं. मग तळमजल्यावर 'काम चालू आहे' अशी पाटी लावून, सगळ्यांना लांब ठेवून, ते जिन्याने चौथ्या मजल्यावर जायचे आणि बटण दाबून बघायचे. लिफ्ट शहाण्या मुलीसारखी यायची आणि थांबायची. पाटी काढली की तासाभरात पुन्हा ओरड!

शेवटी एक दिवस कुबड्यावाला एक रिक्षाचालक वाट बघून कंटाळला आणि जिन्याने निघाला. आला होता एक पाय मोडून, आणि दुसराही मोडून बसला. तेव्हा मात्र दवाखान्याच्या व्यवस्थापक मॅडमनी काकांना बोलावलं आणि म्हणाल्या, "काका, आठ दिवस देते. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. माझाही नाइलाज आहे."

काका तडक पुतणीच्या घरी.

"तुझ्या डोक्यातच काहीतरी बिघाड आहे."

"माझ्या की लिफ्टच्या?"

"एकच ते!"

"काका, प्रोग्राम मी शंभरदा तपासलाय. तुमच्या वायरी बघा जरा."

"वायरींचं मला शिकवू नकोस. तू दोन वेण्या घालत होतीस तेव्हापासून वायरी बघतोय मी."

मग ताईने त्यांना प्रोग्राम वाचून दाखवला. काकांनी पहिल्या पानाला जांभई दिली, तिसऱ्याला दोन. "पोरी, अक्षरं नको दाखवूस," ते म्हणाले, "लिफ्ट दाखव."

या एका वाक्यातून मी जन्मलो, मित्रांनो. तीन दिवस ताई संगणकासमोरून उठली नाही, आणि चौथ्या दिवशी मी तयार! काका माझ्यासमोर येऊन बसले. पिवळी पेटी वर गेली, खाली आली, चौकोन उजळले. काका लहान मुलासारखे खुश झाले. "अस्सं! म्हणजे ही विचार करते होय!" असं म्हणून त्यांनी स्क्रीनवर बोट इतक्या जोरात टेकवलं की मला गुदगुल्या झाल्या.

माझा तिसरा नियम आहे: 'खाली जाताना फक्त तिथेच थांब, जिथे खालचा बाण दाबलेला आहे.' ताईने तो वाचून दाखवला. काकांनी मान डोलावली. ताईनेही डोलावली. मीही डोलावली असती, पण मला मान नाही. त्या वेळी मला वाटलं, तिघांचंही एकमत झालं! प्रत्यक्षात आम्ही काय काय समजून बसलो होतो, देव जाणे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. त्या दिवशी सगळी बटणं ताईच दाबत होती.

आठवा दिवस उजाडला. मॅडमच्या टेबलावर ताईच्या लॅपटॉपवर मी उघडा. एका बाजूला काका, एका बाजूला ताई, आणि माझ्याशेजारी एक लांबट पांढरं पाकीट. पाकिटावर काकांचं नाव होतं. काका सारखे तिकडे बघायचे आणि सारखे नजर वळवायचे.

ताईने माझी चौथ्या मजल्यावरची बाहुली उभी केली, बटण दाबलं, लिफ्ट थांबली. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबली. गर्दी करून बघितली, कँटीनची सुट्टी करून बघितली. मी एकदाही चुकलो नाही. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला!

मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे प्रोग्राम बरोबर, वायरी बरोबर, लिफ्ट बरोबर. आणि माणसं मात्र जिन्यावरून पडतायत. मी आता काय समजू?"

माझा अभिमान फुस्स. मी बरोबर, म्हणजे काका चूक? मी जितका छान चालत होतो, तितकं ते पाकीट काकांकडे सरकत होतं! असं कसं? मी तर त्यांना वाचवायला जन्मलो होतो ना?

तेवढ्यात दार ढकलून एक आजीबाई आत आल्या. डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, हातात काठी, आणि तोंडाचा पट्टा चालू. "खाली सोडणारं कुणी आहे का या दवाखान्यात? दोनदा तोंडावरून गेली ती मेली! एवढी अख्खी मी उभी, दिसत नाही होय तिला?"

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. ताई बघत राहिली. मग तिने काय केलं, तर माउस उचलला आणि आजींच्या हातात दिला.

"आजी, काय होतं ते तुम्हीच दाखवा ना यात."

"मी? मोडलं बिडलं तर?"

"नाही मोडत. ही बाहुली म्हणजे तुम्ही. चौथ्या मजल्यावर आहात. तपासणी झाली, आता घरी जायचंय."

आजींनी चष्म्यातून मला न्याहाळलं. "बरीच बारीक केलीस गं मला. बरं, दाबते."

माझ्या आयुष्यातला तो पहिला परका हात. ताईने पिवळी पेटी सहाव्या मजल्यावर नेऊन ठेवली होती, आणि तिच्यात तळमजल्याला जाणारी एक बाहुली घातली होती. आजींनी दाबला वरचा बाण. पेटी निघाली खाली. तिसरा नियम उजळला. चौथा मजला आला, आणि मी... मी सूंऽऽ करून पुढे निघून गेलो!

"बघा! अश्शीच जाते!" आजी ओरडल्या.

मित्रांनो, मला काही म्हणजे काही कळेना. मी तर नियमाप्रमाणे वागलो होतो! ताईने 'मागे' दाबलं. आजींनी पुन्हा तेच केलं. मी पुन्हा तसाच गेलो.

ताईचा आवाज एकदम हळू झाला. "आजी, तुम्हाला खाली जायचंय ना?"

"मग? वर जायची घाई नाही मला अजून!"

"मग वरचा बाण का दाबलात?"

"अगं, लिफ्टला वर नको का बोलवायला? आणि तिथे लिहिलंय की तसं."

"कुठे?"

"चौथ्यावर, बटणांच्या शेजारी. कागद चिकटवलाय. अक्षर छान आहे हो, मोत्यासारखं."

काकांचा हात कानामागच्या पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"कुणी लावलाय तो कागद?" मॅडमनी विचारलं.

ताई काकांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मोत्यासारखं अक्षर कुणाचं ते तिला ठाऊक होतं. लहानपणी तिच्या वह्यांवर नावं त्याच अक्षरात घातलेली असायची. माउस आता तिच्या हातात होता, आणि त्याचा बाण माझ्या 'मागे' या बटणावर येऊन थांबला होता. दाब ना, मला वाटलं, दाब आणि ने सगळ्यांना एक पाऊल मागे! पण ते बटण माझ्यापुरतंच होतं.

"मी लावला," काका म्हणाले.

मग टेबलाकडे बघत ते सांगू लागले. "नवी लिफ्ट आली तेव्हा चौथ्यावरची माणसं रोज विचारायची, कुठलं बटण दाबू. म्हणून लिहून लावलं. बाकीच्या मजल्यांवर लोक दोन्ही बटणं दाबतात नाहीतर जिना धरतात, तिथे कुणी विचारलं नाही. सव्वीस वर्षं मला लोकांनी 'काका, वर या' म्हणून हाक मारली, मॅडम. वरचा बाण म्हणजे 'वर या', असंच वाटलं मला. दुसरं काही असेल हे मनातच आलं नाही."

"आणि मी प्रोग्राम लिहिला," ताई म्हणाली, "की वरचा बाण म्हणजे 'मला वर जायचंय'. यात माणसं ठेवली मी, पण सगळी माझ्यासारखी बटणं दाबणारी. काका, तुम्हाला एकदाही दाबू दिलं नाही."

पाटी लावून काका तपासायचे तेव्हा लिफ्ट रिकामी, खाली उभी. तेव्हा कुठलंही बटण दाबा, ती येणारच! आणि ताई तपासायची तेव्हा बटण नेहमी तिच्या मनातलं. दोघांचंही बरोबर, आणि आजी मात्र काठी टेकून उभ्या. वर म्हणजे कुणाचं वर, लिफ्टचं की आजींचं? हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

मॅडम उठल्या. "मला तो कागद बघायचाय."

मग आमची वरात चौथ्या मजल्यावर. मी ताईच्या हातावर, उघडाच. भिंतीवर कागद होता: 'लिफ्ट वर बोलावण्यासाठी वरचा बाण दाबावा.' खाली सुबक रेघ. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि पहिल्या मजल्यावरच्या आपल्या खोलीकडे परत निघाल्या. म्हणजे लिफ्टपाशी गेल्या आणि बटण दाबलं.

वरचा बाण!

"अगोबाई, मॅडम, तुम्हीसुद्धा?" आजी खिदळल्या.

मॅडमचा हात तसाच हवेत. "कागद वाचला म्हणून..." त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं की रडू, मला अजून सांगता येणार नाही. "नाही, कागदाचं नाव कशाला घेऊ. मी पहिल्यापासून हेच दाबतेय."

त्यांच्या हातात ते पांढरं पाकीट होतं. त्यांनी आतलं पत्र काढून घेतलं, घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि रिकामं पाकीट काकांपुढे धरलं. "पेन्सिल आहे ना कानामागे? लिहा, नवीन कागद लिहा. आणि या वेळी आजींना वाचून दाखवा, मग लावा."

काकांनी जुना कागद स्वतःच्या हाताने काढला. कोपरे फाटू न देता, हळूच. मग पाकीट भिंतीवर टेकवून लिहिलं: 'लिफ्टला काय करायचे ते सांगू नका. तुम्हाला कुठे जायचे ते सांगा.' आजींनी वाचलं आणि खालचा बाण दाबला. लिफ्ट आली. थांबली. आजी आत शिरताना म्हणाल्या, "आता कशी आली मुकाट्याने!"

त्यानंतरची वर्षं माझ्या वैभवाची. मला तळमजल्यावर, जिथे लोक नंबर येईपर्यंत बसतात तिथे, एका टेबलावर ठेवलं. येणारा-जाणारा मला हात लावायचा. डॉक्टर, वॉर्डातल्या मावशी, नातेवाईक, सगळे! आणि सगळे पहिल्या वेळी चुकायचे, मग हसायचे. काका शेजारी उभे राहून म्हणायचे, "मागे दाबा, मागे. यात चालतं!" त्यांच्याच सांगण्यावरून ताईने माझ्या चौथ्या मजल्यावर एक इवलासा कागदही काढला. त्यावर क्लिक केलं की तो गळून पडतो आणि खाली पाकिटावरचा मजकूर दिसतो. "माझी चूक पण राहू दे त्यात," काका म्हणाले होते, "तिच्याशिवाय चित्र पुरं होत नाही."

मग काका निवृत्त झाले. ताई दुसऱ्या गावी गेली. लिफ्टचा प्रोग्राम कुणीतरी बदलला, पण मला बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. नव्या दुरुस्तीवाल्याने माझ्यावर विश्वास ठेवला, दिवसभर चुकीच्या जागी शोधलं, आणि मला खोटारडा म्हणाला. मी खोटं बोललो नव्हतो. मी कालचं खरं बोलत होतो. पण ते त्याला कसं सांगणार? दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर फुलदाणी आली, आणि मी अडगळीच्या कपाटात गेलो. तिथून किती वर्षांनी कोण जाणे, तुमच्या शाळेच्या संगणकाच्या खोलीत, खिडकीजवळच्या शेवटच्या जुन्या यंत्रात.

"यात गुण मिळत नाहीत?" तुम्ही विचारता. "शत्रू नाहीत? काय नमुना आहे!"

आहे बाबांनो. पण नमुन्याचं एक ऐका. उद्या तुम्हीही काही बनवाल. प्रोग्राम, यंत्र, नाहीतर भिंतीवरची साधी पाटी. ज्याच्यासाठी बनवलं त्याच्या हातात ते द्या आणि आपण गप्प बसून बघा. तो चुकला तर लगेच हसू नका, 'का दाबलंस?' एवढं विचारा. आणि खरी वस्तू बदललीत तर तिच्या नमुन्यालाही बदला, त्याला बिचाऱ्याला कालच्या दिवसात एकटं सोडू नका.

कालचीच गोष्ट. तुमच्यातली एक जण माझ्यासमोर बसली. चौथ्या मजल्यावर बाहुली ठेवली, घरी जायचं ठरवलं, आणि पेटी कँटीनमधून माणसं घेऊन खाली येत असताना दाबला वरचा बाण. मी सूंऽऽ करून गेलो. तिने स्क्रीनवर टिचकी मारली. "ए, थांब की! मी दिसत नाही का तुला?"

दिसतेस गं. अगदी स्पष्ट दिसतेस. पण तू मला 'वर' म्हणालीस, आणि मी इतक्या वर्षांनीही गोंधळलेलाच आहे. मागे दाब. आणि आता मला सांग, तुला कुठे जायचंय?